‘कुणाचा तू?’ : मुकादमापासून पोर्टलपर्यंत

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा मजकूर. बोलताना जिथे मी अडखळलो तिथे थोडी साफसफाई केलीय, बाकी जसंच्या तसं.

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजमुळे होतोय. मेसेज आला पासलीहून. पावसाळ्यात तुम्ही मढे घाटाचा धबधबा बघायला वेल्ह्यातून केळदच्या रस्त्याने गेला असाल, तर पासलीवरून गेला आहात. गाडी थांबवली नसेल एवढंच. मेसेज पाठवणारा बावीस वर्षांचा, आयटीआयचा इलेक्ट्रिशियन. त्याचं म्हणणं असं : “दादा, पुण्यात एक माणूस आहे, जर्मनीचं काम करून देतो म्हणतोय. ऑनलाइन जॉब सपोर्ट म्हणतो त्याला. सीव्ही बनवणार, तिकडच्या पोर्टलवर टाकणार, इंटरव्ह्यूची तयारी करून घेणार. दोन लाख मागतोय, अर्धे आधी. द्यावेत का? आजा म्हणतो, त्यात काय नवीन, आमच्या वेळी पण मुकादमाला द्यावेच लागायचे.”

आता मी काही व्हिसा-सल्लागार नाही. पण आज्याचं ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण त्या एका वाक्यात दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो आपल्या शाळेच्या पुस्तकात नाही. नोकरी शोधायला परमुलखात गेलेल्या माणसाला नोकरीपर्यंत पोचवणारा कोण होता, आणि त्याचे पैसे कोण भरत होतं, एवढंच आज बघायचंय.

सुरुवात पासलीपासूनच करू. हा कानद मावळ. बारा मावळांपैकी एक. तोरण्याच्या सावलीतला मुलूख, वेल्ह्याकडचा हा बराचसा भाग १९४८ पर्यंत भोर संस्थानात होता. पाऊस धो-धो, पण जमीन उताराची. खाली भात, वर नाचणी-वरई, आणि दिवाळीनंतर भात झोडपून झालं की शेतात काम नाही. पाणी सगळं घाटाखाली नाहीतर धरणात. अशा गावात घरातला एखादा हात बाहेर पाठवणं ही काही महत्त्वाकांक्षा नव्हती. तो वर्षाच्या हिशेबाचाच भाग होता.

आणि बाहेर म्हणजे मुंबई. १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली आणि दोनेक वर्षांत ती गिरणी सुरू झाली. पुढच्या पन्नास वर्षांत गिरणगाव उभा राहिला. त्यात माणसं मुख्यतः रत्नागिरीची, पण साताऱ्याची, पुण्याच्या मावळपट्ट्याचीही. आता विचार करा, गिरणीचा मालक पारशी किंवा भाटिया, मॅनेजर बरेचदा इंग्रज, आणि दारात उभा असलेला पोरगा डोंगरातला. या दोघांची गाठ कोण घालून देणार? जाहिरात नाही, कचेरी नाही, फॉर्म नाही. तर जॉबर.

जॉबर म्हणजे खात्याचा मुकादम. तो माणसं भरायचा, तोच काढायचा. यंत्र बिघडलं तर तोच बघायचा, रजा तोच द्यायचा, अडीनडीला कर्जही तोच द्यायचा. पोरगा गावाहून आला की पहिला प्रश्न ठरलेला : कुणाचा तू? म्हणजे गाव कोणतं, बाप कोण, आणि कुणाच्या ओळखीवर आलास. उत्तर पटलं की गावकीच्या खोलीत पथारी टाकायला जागा, खानावळीत उधारीवर जेवण, आणि सकाळी गिरणीच्या दरवाजावर उभं राहायची परवानगी. पगार झाला की त्यातून दस्तुरी. दस्तुरी हा सुंदर शब्द आहे, लाच म्हणायला नको म्हणून काढलेला. बायका ज्या खात्यांत काम करायच्या तिथे नायकिणी असायच्या, आणि व्यवहार तोच.

आपण आज जॉबरला सरळ खलनायक करून मोकळे होतो. मला ते अर्धंच खरं वाटतं. त्याने पैसे खाल्ले, हे खरंच. पण त्याने ‘सपोर्ट’ही दिला, आणि तो आजच्या कुठल्याही वेबसाइटपेक्षा जास्त होता. झोपायची जागा, पहिलं जेवण, आजारपणात गावाला निरोप. गोची अशी की मदत आणि लूट एकाच हातातून यायची. ज्याने खोली दिली त्याच्याविरुद्ध तक्रार कोण करणार? आणि समजा केलीच, तर कुठे? तुझं नाव कुठल्याच वहीत नाही. तू गिरणीत आहेस हे फक्त जॉबरला माहीत.

१९२९ मध्ये इंग्रज सरकारने कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला रॉयल कमिशन नेमलं. व्हिटले कमिशन म्हणून ते ओळखलं जातं. आपले ना. म. जोशी त्याचे एक सदस्य होते. १९३१ च्या अहवालात कमिशनने स्पष्ट म्हटलं, भरती आणि बडतर्फीचा अधिकार जॉबरच्या हातून काढा आणि कारखान्यात लेबर ऑफिसर नेमा. मग १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली कामगारांसाठी कार्डं काढली. रोज पहाटे दरवाजावर शेकडो माणसं उभी राहायची, जॉबर बोट दाखवेल तो आत. त्याऐवजी महिन्याच्या सुरुवातीला ठराविक लोकांना कार्ड द्यायचं, आणि रिकामी जागा त्यांच्यातूनच भरायची, अशी ती योजना.

एक पुठ्ठ्याचं कार्ड. हसू नका. त्या कार्डावर पहिल्यांदा पोराचं स्वतःचं नाव आलं. अमक्याचा भाचा, तमक्याच्या गावचा, हे सोडून. अर्थात जॉबर काही एका रात्रीत गायब झाला नाही. कार्ड कुणाला मिळावं हे सुचवणारा तोच होता! पण आता त्याच्या हातात होतं त्यातलं काहीतरी कागदावर आलं होतं.

इथे थोडं आडवळण घेतो. आपल्याकडे ‘एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज’ कशासाठी सुरू झालं, माहितीय? बेकारांसाठी नाही. १९४५ मध्ये दुसरं महायुद्ध संपत आलं, लाखो सैनिक घरी येणार होते, त्यांना कामाला लावायला ती कार्यालयं निघाली. दोन वर्षांत फाळणी झाली आणि त्याच कार्यालयांवर निर्वासितांची जबाबदारी आली. म्हणजे सिंधमधून, पंजाबमधून आलेला शिकलेला, हुन्नर असलेला माणूस, ज्याचं इथे कुणीच ओळखीचं नाही, त्याला विचारायचं : तुला काय येतं? ‘कुणाचा तू’ नाही, ‘काय येतं’. १९४८ मध्ये हे दार सगळ्यांना उघडलं. पुढे १९५९ चा कायदा आला, की मोठ्या आस्थापनांनी रिकाम्या जागा एक्स्चेंजला कळवल्याच पाहिजेत. कळवल्याच पाहिजेत, पण त्यांच्याच यादीतून माणूस घेतला पाहिजे असं मात्र त्यात नव्हतं. त्या पळवाटेत कितीतरी जणांची तरुणपणाची वर्षं गेली. तुमच्या वडिलांना विचारा, कार्डाचं नूतनीकरण करायला ते किती वेळा रांगेत उभे होते आणि त्यातून ‘कॉल’ किती आले.

बरं, आता आज्याकडे येऊ. मी त्या पोराला म्हटलं, आजोबांना विचार, ते मुंबईत काय करायचे. उत्तर आलं : मशीद बंदरला पोती उचलायचे. म्हणजे गिरणीत नाही, माथाडी.

गिरणीला निदान भिंती होत्या, हजेरी होती, युनियन होती. धान्याच्या गोदामात, लोखंड बाजारात डोक्यावर ओझं वाहणाऱ्याला मालकच नव्हता. म्हणजे मालक होते, पण रोज वेगळे. सकाळी एका व्यापाऱ्याचा ट्रक, दुपारी दुसऱ्याचा. त्यामुळे कुठलाच कायदा लागू होत नव्हता. टोळीचा मुकादम काम आणायचा आणि मजुरीतून आपला वाटा काढून उरलेलं वाटायचा. आजा त्याच काळातला आहे, साठच्या दशकात गेलेला. “द्यावेच लागायचे” हे त्याचं वाक्य तिथलं.

या लोकांना संघटित केलं अण्णासाहेब पाटलांनी. पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे, जन्म १९३३ चा. आणि त्यातून जो कायदा आला तो जगात शोधूनही फार कमी ठिकाणी सापडेल. महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा, १९६९. त्याची युक्ती साधी आहे आणि मला ती अजूनही थक्क करते. कायद्याने म्हटलं, मालक रोज बदलतो ना? बदलू दे. आपण मध्ये एक मंडळ बसवू. व्यापारी मंडळाकडे नोंद करेल, कामगारही मंडळाकडे नोंद करेल. मजुरीचे पैसे व्यापारी मंडळात भरेल, आणि मजुरीच्या वर काही टक्के लेव्ही भरेल, ती व्यापाऱ्याच्या खिशातून. मंडळ मजुरी कामगाराला देईल आणि लेव्हीतून त्याचा भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, सुट्टीचा पगार, औषधपाणी चालवेल. मंडळावर सरकार, मालक, कामगार, तिघांचेही प्रतिनिधी.

बघा काय झालं. मध्यस्थ काढून टाकला नाही. मध्यस्थ लागतोच, कारण दोन अनोळखी माणसांची गाठ कुणीतरी घालून द्यावी लागते. फक्त त्याचे पैसे भरणारा बदलला. आधी ओझं उचलणारा भरायचा, आता ओझं ज्याचं आहे तो.

पुण्यातही अशीच एक वेगळी वाट चालू होती. डॉ. बाबा आढावांची हमाल पंचायत १९५५ पासूनची. भवानी पेठ, नाना पेठेतल्या हमालांची ती संघटना. त्यांनी १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ सुरू केली, म्हणजे मुकादम जे जेवण उधारीवर देऊन माणूस बांधून ठेवायचा, ते जेवण संघटनेनेच परवडेल अशा दरात दिलं. नोकरीचा सपोर्ट म्हणजे फक्त नोकरी नव्हे, हे या लोकांना कुणी पॉवरपॉइंटवर शिकवलं नव्हतं.

सगळं गोडगोड नाही, हेही सांगतो. माथाडी मंडळांत पुढे टोळ्या बंद झाल्या, नोंद असलेल्याच्या घरातच नोंद राहू लागली, नव्या पोराला शिरकाव मुश्कील. खोट्या माथाडींच्या नावाखाली खंडणी मागितल्याच्या तक्रारीही भरपूर झाल्या. नोंदवही ही चांगली गोष्ट आहे, पण तिची चावी कुणाकडे आहे हे विचारत राहावं लागतं.

आता देशाबाहेर. इथेही गोष्ट जुनीच आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून मराठी माणसं मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर गेली, गिरमिटावर. आजही तिथे मराठी समाज आहे, गणपती बसतो. पोर्ट लुईसच्या धक्क्यावरच्या ज्या इमारतीतून ही माणसं मोजून आत घेतली गेली, ते ‘आप्रवासी घाट’ २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. गिरमिट १९१७ मध्ये थांबलं. पण त्या काळातलं एक पदनाम अजून जिवंत आहे : ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’, परदेशी जाणाऱ्याचा रक्षक. परदेशात नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटांवर आज जो १९८३ चा कायदा लागू आहे, त्यातही हाच अधिकारी आहे.

या कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटला केंद्र सरकारकडे नोंदणी करावी लागते. नोंदणीशिवाय भरती हा गुन्हा आहे. आणि नोंदणीकृत एजंटनेही उमेदवाराकडून सेवाशुल्क किती घ्यायचं याला मर्यादा आहे : ३० हजार रुपये आणि वर जीएसटी. थांबा, पुन्हा सांगतो, कारण हे वाक्य मी पासलीच्या पोराला दोनदा सांगितलं. तीस हजार. दोन लाख नव्हे.

ही मर्यादा कागदावरची आहे हे मलाही माहितीय. २०१५ मध्ये केरळात एक प्रकरण गाजलं. कुवेतला नर्स पाठवणाऱ्या एका एजन्सीला तेव्हाच्या नियमाने साडेएकोणीस हजार रुपये घेता येत होते, आणि तिने एकेका नर्सकडून साडेएकोणीस लाख घेतले, असा सीबीआयचा आरोप होता. आकडे तेच, फक्त दोन शून्यं जास्त. त्यानंतर सरकारने आखातासारख्या देशांतली नर्सभरती खासगी एजंटांकडून काढून सरकारी संस्थांकडे दिली. आणि साधारण त्याच सुमारास ‘ई-मायग्रेट’ नावाचं पोर्टल आलं. त्यावर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे. फोनवर उघडते. नाव टाका, नंबर टाका, आहे की नाही ते दिसतं. १९३० च्या गिरणीच्या दारातल्या पोराकडे हे नव्हतं.

राहिला प्रश्न जर्मनीचा. जर्मनीला माणसं हवीत, ही काही एजंटची थाप नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी करार केला, १० हजार कुशल तरुण पाठवण्याचा, आणि त्यात इलेक्ट्रिशियन आहेत. हे राज्य म्हणजे स्टुटगार्टचं. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांच्या व्हिसाची वार्षिक संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचं जाहीर केलं. पण करार झाला म्हणून विमान सुटत नाही. मधली पायरी भाषेची आहे, आणि ती कुणीही तुमच्या वतीने चढू शकत नाही.

आणि जर्मनीला हा अनुभव पहिल्यांदा येतोय असंही नाही. पंचावन्न सालापासून त्यांनी इटली, मग तुर्कस्तान वगैरेंशी करार करून कामगार आणले, १९७३ पर्यंत. इस्तंबूलमध्ये जर्मन सरकारची भरती कचेरी होती. आणि तिथे माणूस मिळवून दिल्याची फी भरायचा जर्मन मालक, तुर्की कामगार नाही. माथाडी मंडळाच्याही आधी! पण त्याच कचेरीत डॉक्टर लोकांना रांगेत उभं करून, कपडे उतरवून, दात बघून पास-नापास करायचे. तेव्हा फुकट असलं म्हणजे मानाचं असतं असं नाही. दोन्ही विचारायला हवं.

आजची त्यांची पद्धत ऑनलाइन आहे. २०१२ मध्ये दोन गोष्टी झाल्या. एक, परदेशी शिक्षण-कौशल्याला मान्यता मिळवण्याचा कायदा आला. दोन, ‘मेक इट इन जर्मनी’ हे सरकारी पोर्टल सुरू झालं. नोकऱ्या, व्हिसा, मान्यता, सगळी माहिती तिथे आहे आणि ती वाचायला पैसे पडत नाहीत. आपला पासलीचा इलेक्ट्रिशियन आयटीआयचा दोन वर्षांचा कोर्स केलेला. तिकडे तेच काम शिकायला साडेतीन वर्षं लागतात, थोडा वेळ शाळेत, बराचसा कंपनीत. मग तिथली संबंधित संस्था कागद ताडून बघते आणि सांगते, पूर्ण समान आहे की काही कमी पडतंय. कमी पडलं तर भरून काढायचं. मार्च २०२४ पासून अशीही सोय आहे की मालक तयार असेल तर आधी तिकडे जा, कामाला लागा, आणि मान्यतेचं उरलेलं तिथे पूर्ण करा. त्यासाठी शिक्षण निदान दोन वर्षांचं आणि सरकारमान्य हवं, आणि जर्मन ए-टू पातळीपर्यंत.

तर पुण्यातला तो माणूस दोन लाखांत काय विकत होता? फुकट असलेली माहिती, बनवून दिलेला सीव्ही, आणि मला वाटतं, सगळ्यात जास्त म्हणजे धीर. परक्या भाषेतला फॉर्म रात्री एकट्याने भरताना हात थरथरतो, तेव्हा कुणीतरी “मी आहे” म्हणणारा हवा असतो. जॉबर तेच विकत होता. जगातल्या कामगार संघटनेने, आयएलओने, १९९७ च्या करारात लिहून ठेवलंय की खासगी एजन्सीने कामगाराकडून फी घेऊच नये. भारताने त्यावर सही केलेली नाही. आपल्याकडे अजून तीस हजारांपर्यंत चालतं.

मी त्या पोराला एवढंच सुचवलं : त्या माणसाला त्याचा नोंदणी क्रमांक विचार. बाकी काही बोलू नकोस.

त्याला मी हा भाग रेकॉर्ड करायच्या आदल्या दिवशी फोन केला. पहिल्या दोन वेळा लागला नाही, मग त्यानेच उलटा केला, कारण घरात रेंज नसते आणि त्याला रस्त्यावर यावं लागतं. एजंट म्हणाला, नंबर व्हॉट्सअॅपवर पाठवतो. पंधरा दिवस झाले, नंबर आला नाही, आता ‘ऑफर आजच संपतेय’ असे मेसेज येतात. पैसे दिलेले नाहीत. पोराने ए-वनचा ऑनलाइन क्लास लावलाय, फोनवर धडे डाउनलोड करून ठेवतो आणि घरी नेऊन ऐकतो.

आजा मात्र समाधानी नाही. त्याचा प्रश्न वेगळाच आहे : “पोर्टल बिर्टल असू दे, पर तिकडं आपलं कोण हाय?” मग पोराने फेसबुकवर शोधाशोध केली. स्टुटगार्टच्या जवळ भोरकडचा एक जण सापडला, वेल्डर आहे. मेसेज टाकला, नंबर दिला, आणि रविवारी त्याचा फोन आला. हा नमस्कार-चमत्कार करायला लागला, तर पलीकडून पहिला प्रश्न आला :

“पासलीचा? कुणाचा रे तू?”